राउटर रात्री बंद करावा का?

ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमधील कित्येक घरांत निजण्यापूर्वी गॅसचा नॉब आणि दाराची कडी पाहून झाली की इंटरनेटच्या यंत्राचे बटणही बंद केले जाते. शेजारच्याच घरात हे यंत्र बसविल्या दिवसापासून एकदाही बंद झालेले नसते. वीज वाचते, यंत्र टिकते, असे पहिल्या घराचे म्हणणे. सारखे चालू-बंद केल्यानेच ते बिघडते, असे दुसऱ्याचे. दोन्ही बाजूंत थोडे तथ्य आहे. मात्र ज्या कारणांसाठी हा वाद घातला जातो ती बहुतेक किरकोळ असून, खरी महत्त्वाची कारणे वेगळीच आहेत.

बटण बंद करण्याच्या सवयीला इतिहास आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून क्रमांक फिरवून जोडणी घ्यावी लागे. जितका वेळ जोडणी, तितके फोनचे बिल. आणि तेवढा वेळ घरचा फोनही अडकलेला. २००५ मध्ये ब्रॉडबँड आले. खाडीच्या अलीकडे ठाणे शहरात ०२२ क्रमांकाचे महानगर टेलिफोन निगम आणि तिची ‘ट्रायबँड’, तर कल्याण-डोंबिवलीत ०२५१ क्रमांकाचे भारत संचार निगम आणि तिची ‘डेटावन’ अशी वाटणी होती. फोन मोकळा झाला, पण स्वस्त योजनांत डेटा मोजूनमापून मिळे. मोडेम चालू राहिला आणि संगणकाने आपणहून काही उतरवून घेतले, की महिनाअखेर बिल फुगलेच. काही योजनांत पहाटे दोन ते आठ या वेळेत डेटा मोफत असे. त्यासाठी गजर लावून उठणारेही होते. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबरची व्यावसायिक सेवा सुरू झाली आणि त्यानंतर अमर्याद डेटाच्या योजना सर्रास मिळू लागल्या. बिलाची ती धास्ती संपली, सवय मात्र उरली.

विजेचा हिशेब सोपा आहे. घरगुती राउटर साधारण पाच ते बारा वॅट वीज घेतो. दहा वॅट धरले तर चोवीस तास चालणाऱ्या यंत्राला महिन्याला सुमारे सात युनिट लागतात. रोज रात्री आठ तास बंद ठेवल्यास त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे जेमतेम अडीच युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले, तर बचत पंचवीस रुपयांच्या आसपास. सात युनिटांमुळे वापर शंभराच्या वर गेला तर संपूर्ण बिलच महाग दराने येईल, ही भीती अनाठायी आहे. वरचा दर केवळ शंभरावरील युनिटांना लागतो. काटकसर वाईट नव्हे, पण पंखा किंवा वातानुकूलन यंत्र थोडे कमी चालविल्यास हीच बचत अधिक सहज होते.

रोज एकदा बंद-चालू केल्याने यंत्र बिघडते, हेही खरे नाही. ही समजूत तांब्याच्या तारेवरील ब्रॉडबँडमधून आली असावी. ब्रिटनसारख्या देशांत जोडणी वारंवार तुटली तर एक्स्चेंजमधील यंत्रणा ती तार सदोष समजून वेग आपणहून कमी करीत असे. घरापर्यंत ऑप्टिकल फायबर आलेल्या ग्राहकाला हा प्रश्न नाही. यंत्राचे आयुष्य खाते ती उष्णता. आतील कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते. राउटर चपलांच्या कपाटात किंवा माळ्यावर कोंबून ठेवण्याची आपल्याकडील रीत रात्रीच्या विश्रांतीने भरून निघणारी नाही.

आता विजेविषयी, महावितरणच्या नव्हे, आकाशातल्या. या पट्ट्यात गडगडाट मुख्यतः मेअखेर-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात होतो. वीज घरावरच पडायला हवी असे नाही. ती जवळपास कोसळली तरी लांब तांब्याच्या तारेत क्षणभर मोठा दाब निर्माण होतो आणि तो तारेच्या टोकाच्या यंत्रात शिरतो. टेलिफोनची तार तशीच, आणि केबलचालकांनी एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीवर टाकलेली लॅन केबलही तशीच. फायबर काचेचा असल्याने त्यातून दाब येत नाही. तो अडॅप्टरमार्गे मात्र येऊ शकतो. भिंतीवरील बटण फक्त फेजची तार तोडते, न्यूट्रल जोडलेलीच राहते. म्हणून गडगडाट सुरू होण्यापूर्वी अडॅप्टर सॉकेटमधून उपसून काढणे आणि बाहेरून येणारी तांब्याची केबल सोडविणे, हाच खरा उपाय. वादळ डोक्यावर आल्यावर हात लावणे धोक्याचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची आगाऊ सूचना देते. स्पाइक गार्डवर भिस्त ठेवणाऱ्यांनी घराला अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. अर्थिंग नसेल तर त्याचे बरेचसे संरक्षण कागदावरच राहते.

इमारतीच्या मीटरखोलीत न्यूट्रल सुटली, तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो, आणि राउटरचा अडॅप्टर साधारण २४० पर्यंतच्या दाबासाठी बनविलेला असतो. दिवे अचानक प्रखर होऊ लागले, तर राउटरच नव्हे, मुख्य स्विचच बंद करावा. पुरवठा खंडित झाल्यावर बटण बंद करून, तो स्थिरावल्यानंतर काही मिनिटांनी सुरू करणेही शहाणपणाचे.

चोरट्यांच्या भीतीने रात्री बंद करणाऱ्यांचे समाधान अर्धवट आहे. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या ग्राहकांच्या मोडेमवर सायबर हल्ला झाला; मुळातला पासवर्ड ज्यांनी बदललाच नव्हता असे मोडेम त्यात सापडले. असा हल्ला दिवसाही होतो. पासवर्ड बदलणे हा पाच मिनिटांचा उपाय आहे. कंपन्यांची सुरक्षाविषयक सुधारणा बऱ्याचदा मध्यरात्रीनंतर पाठविली जाते, ती बंद यंत्राला वेळेवर मिळत नाही.

यंत्र चालू ठेवण्याचे सर्वांत सबळ कारण मात्र घरातल्या फोनचे आहे, आणि त्याकडेच दुर्लक्ष होते. तांब्याच्या तारेवरील जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळे. घरात अंधार असला तरी फोन वाजत असे. फायबरवरील फोन राउटरवर अवलंबून असतो. बटण बंद झाले की फोनही मुका. तळमजल्यावरच्या किंवा दाट वस्तीतल्या घरांत मोबाइलला रेंज नसते आणि वायफायवरूनच बोलणे होते, तेथेही हीच गत. मुले परदेशी आणि आईवडील डोंबिवलीत एकटे, अशी घरे कमी नाहीत. पंचवीस रुपयांसाठी अशा घराने रात्री फोन बंद ठेवणे हिशेबाला धरून नाही. पासष्टीच्या गृहस्थांना छातीत दुखू लागले, तर राउटर सुरू होऊन जोडणी मिळेपर्यंतची दोन-तीन मिनिटे फार लांब असतात.

या घरांनी मिनी यूपीएस घ्यावा. तो निवडताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्टेज, सहसा १२ व्होल्ट, तंतोतंत जुळले पाहिजे. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. एवढ्याने काम भागतेच असे नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा-पडघे वीजवाहिन्यांतील बिघाडाने मुंबईसह ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग काही तास विजेविना राहिला; घरून काम करण्याचे आणि ऑनलाइन वर्गांचे ते दिवस होते. अशा वेळी घरात बॅटरी असूनही, जिन्यातील किंवा गच्चीवरील कंपनीच्या पेटीला वेगळा वीजपुरवठा नसेल, तर जोडणी तुटतेच. त्या पेटीला बॅटरी आहे का आणि ती किती तास चालते, हे जोडणी घेतानाच कंपनीला, आणि पेटी सोसायटीच्या मीटरवर असेल तर सोसायटीच्या कार्यालयात, विचारून घ्यावे.