विडालची धाकटी बहीण

पोळ्याच्या आधी बैलाच्या कानामागे, शेपटीच्या मुळाशी चिकटलेली गोचीड काढणं पाचोरा तालुक्यातल्या शेतकरी घरांना नवं नाही. त्याच दिवसांत कपाशीची निंदणी चालू असते, बांधावर गवत माजलेलं असतं आणि घरोघरी ताप सुरू होतात. मलेरिया, डेंगी, विडाल ही तपासण्यांची नावं आता सगळ्यांना पाठ आहेत. कधी कधी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चौथं नाव असतं, वील-फेलिक्स. गोचीड, आणि तिच्याच कुळातला डोळ्यांना जेमतेम दिसणारा चिगर माइट, यांच्या चाव्यातून येणाऱ्या टायफस गटाच्या तापांसाठीची ही जुनी रक्ततपासणी. तिची कुळकथा विडालपासून सुरू होते.

१८९६ साली पॅरिसमध्ये फेर्नां विडाल यांनी दाखवलं की टायफॉइडच्या रुग्णाच्या रक्तजलात टायफॉइडचे जंतू घातले की त्यांच्या गुठळ्या होतात. पुढे पहिल्या महायुद्धात पूर्व आघाडीवर उवांमुळे टायफसची साथ पसरली. ऑस्ट्रियाच्या सैन्याबरोबर गॅलिशियात काम करणारे एडमुंड वील आणि आर्थर फेलिक्स यांना एका रुग्णाच्या लघवीत प्रोटियस नावाचा जंतू सापडला. टायफसच्या रुग्णांचं रक्तजल या प्रोटियसच्या गुठळ्या करी. हे त्यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलं. खरं तर प्रोटियसमुळे टायफस होतच नाही. टायफसचा जंतू, म्हणजे रिकेट्सिया, आणि प्रोटियसचा हा वाण यांच्या आवरणातली काही शर्करा सारखी आहे, म्हणून एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्यालाही धरतात. चोर हाती लागत नाही, त्याच्यासारखा दिसणारा मात्र लागतो. ही चाचणी उपयोगी पडते ती यामुळेच, आणि फसते तीही यामुळेच. प्रयोगशाळेतच टायफसची लागण होऊन वील १९२२ साली गेले.

या कथेतला मला सर्वांत भावणारा भाग मलायातला आहे. १९२०च्या दशकात क्वालालंपूरमध्ये विल्यम फ्लेचर आणि लेस्लर टायफससारख्या तापांचा अभ्यास करत होते. त्यांच्याकडे ओएक्स-१९ म्हणून ओळखले जाणारे प्रोटियसचे दोन वाण होते. त्यातला एक किंग्जबरी नावाच्या डॉक्टरांनी इंग्लंडहून आणलेला होता. दोन्ही एकच, असा सगळ्यांचा समज. पण शहरी रुग्णांचं रक्त एका वाणाला प्रतिसाद देई, आणि मळ्यांत, झुडपांत राबणाऱ्या मजुरांचं रक्त फक्त किंग्जबरीच्या वाणाला. दोन वाण वेगळे, म्हणजे आजारही दोन वेगळे, हे त्यातून उलगडलं. झुडपांतला तो आजार म्हणजे स्क्रब टायफस. किंग्जबरीचा वाण ओएक्स-के या नावाने आजही लॅबच्या रिपोर्टवर छापलेला असतो.

भारतात गोचीड चावून येणाऱ्या टायफसकडे लक्ष वेधलं ते मेगॉ या डॉक्टरांनी. तसा ताप त्यांनी स्वतः भोगला होता, आणि १९२१ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. टायफस गटातलाच स्क्रब टायफस २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात साथ होऊन आला.

आता पाचोऱ्याच्या घरांतली मुलं न्यू जर्सीत, कनेक्टिकटात आहेत. तिकडून फोनवर सल्ला येतो, ‘गोचीड चावली ना, लाइमची तपासणी करा.’ लाइम या गोचिडीच्या आजाराचा जंतू विली बुर्गडॉर्फर यांच्यामुळे कळला, हे १९८२ साली प्रसिद्ध झालं. त्याची तपासणीही प्रतिपिंडंच शोधते. १९९५ पासून तिकडे ती दोन टप्प्यांत करतात, मूळ पद्धतीत आधी एलायझा, मग वेस्टर्न ब्लॉट. पण लाइम पसरवते ती इक्झोडिस जातीची गोचीड. आपल्या गुरांवर मुख्यतः हायलोमा आणि ऱ्हिपिसेफॅलस असतात. जिथे आजारच नाही तिथे केलेल्या तपासणीत ‘पॉझिटिव्ह’ आलं तरी ते खोटं असण्याचीच शक्यता जास्त. लाइमच्या तपासणीवर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

वील-फेलिक्सलाही मर्यादा आहेत. प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर लागतो, म्हणून पहिल्या चार दिवसांतल्या ‘निगेटिव्ह’वर विसंबता येत नाही. पुष्कळ रुग्ण तिच्यातून निसटतात. स्क्रब टायफससाठी आयजीएम एलायझा जास्त भरवशाची आहे, पण ती सगळीकडे होत नाही. म्हणूनच संशय बळकट असेल तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करावं, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

तेव्हा ताप आला की डॉक्टरांना आपण होऊन सांगा: शेतात कधी गेलो, गोचीड कधी काढली. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली चाव्याची काळी खपली दिसते का ते बघा आणि दिसली तर लाज न बाळगता दाखवा. आणि बैलाची गोचीड नखांनी चिरडू नका. २०११ मध्ये शेजारच्या गुजरातेत क्रिमियन-काँगो ताप आढळला, आणि तो गोचिडीच्या रक्तातूनही लागतो. चिमट्याने धरा, सरळ ओढा आणि हात साबणाने धुवा.