गुडघ्याचा कृत्रिम सांधा: धातू कोणता निवडावा?
“डॉक्टर, आईला सोनेरी गुडघा बसवू का? जास्त टिकतो म्हणे.” त्यासाठी कर्ज काढायला निघालेली कुटुंबं मी पाहतो. तो रंग सोन्याचा नसतो; टायटॅनियम नायट्राइडसारख्या संयुगाचा तो पातळ थर असतो. बहुतेक रुग्णांना कोबाल्ट-क्रोमचा नेहमीचा सांधा पुरतो. झिजते ती मुख्यतः मधली पॉलिइथिलीनची, म्हणजे खास प्लॅस्टिकची चकती. तिचा प्रकार सर्जनना जरूर विचारा.

नकली दागिने किंवा घड्याळाच्या पट्ट्याने अंगावर पुरळ येत असेल, तर मात्र शस्त्रक्रियेआधीच सांगा. कोबाल्ट-क्रोममध्ये किंचित निकेल असतं. अशांसाठी ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम किंवा लेप दिलेला सांधा सुचवला जाऊ शकतो.

2017 पासून गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर सरकारी कमाल मर्यादा आहे. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून घ्या आणि त्याचे स्टिकर फाइलमध्ये जपून ठेवा.