पडद्यावर बर्फ वितळतं, तेव्हा आपल्या मनात काय होतं? हवामानबदलाच्या माहितीपटांचा थोडा इतिहास



उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. मुलांनी टीव्हीवर किंवा मोबाइलवर निसर्गाचा एखादा माहितीपट पाहिलेला असतो. त्यात बर्फ वितळतं, जंगलं जळतात, प्राणी उपाशी मरतात. मग एखादं मूल रात्री नीट झोपत नाही. वडील म्हणतात, "कशाला असलं पाहायचं? बंद करा." आजोबा म्हणतात, "सगळं थोतांड आहे, ऊन आमच्या वेळीही होतंच." आई विचारते, "डॉक्टर, मुलांना हे दाखवावं की नाही?"

एकाच घरातल्या या तीन प्रतिक्रिया: घाबरणं, पाठ फिरवणं आणि नाकारणं. तिन्ही अगदी माणसासारख्या आहेत आणि तिन्हींचा अभ्यास झालेला आहे. आईच्या प्रश्नाचं उत्तर त्या अभ्यासाच्या इतिहासात सापडतं, म्हणून आज थोडा इतिहास पाहू.

आधी शरीरात काय होतं ते समजून घेऊ

भीतीदायक दृश्य दिसलं की मेंदूतलं भीतीचं केंद्र जागं होतं. अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, छाती धडधडते, स्नायू ताणले जातात. समोर वाघ आला तर पळायला किंवा लढायला शरीराने केलेली ही तयारी असते. पण सोफ्यावर बसलेल्या माणसाला ना पळता येतं, ना लढता येतं. उत्तर ध्रुवावरच्या बर्फासाठी तो त्या क्षणी काय करणार? तयारी झाली, पण करायला काही नाही, ही अवस्था मनाला सोसत नाही. मग मन सोपी वाट काढतं: चॅनेल बदला, विषय बदला किंवा "हे खोटंच आहे" म्हणा.

दातांची चित्रं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन

ही गोष्ट सर्वात आधी आरोग्याच्या क्षेत्रात लक्षात आली. १९५३ मध्ये जॅनिस आणि फेशबॅक या दोन अमेरिकन संशोधकांनी शाळेतल्या मुलांना दातांच्या निगेविषयी चित्रांसह व्याख्यानं दिली. एका गटाला किडलेल्या दातांची, सुजलेल्या हिरड्यांची भयंकर चित्रं दाखवली. दुसऱ्या गटाला मध्यम, तिसऱ्याला अगदी सौम्य माहिती दिली. व्याख्यान संपल्यावर सर्वात जास्त धास्तावला तो पहिला गट. पण नंतर सांगितल्याप्रमाणे दातांची काळजी कोणी घेतली? सर्वात जास्त तिसऱ्या, म्हणजे सौम्य माहिती मिळालेल्या गटाने.

मग भीती वाईटच का? तसंही नाही. १९६५ मध्ये लेव्हेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताविषयी पुस्तिका वाचायला दिल्या, काहींना भीतीदायक, काहींना सौम्य. भीतीदायक पुस्तिका वाचणाऱ्यांनी "आम्ही इंजेक्शन घेऊ" असं जास्त जोरात सांगितलं. प्रत्यक्षात गेले फक्त ३ टक्के. मात्र ज्यांना पुस्तिकेसोबत आरोग्य केंद्राचा नकाशा दिला आणि "तुमच्या वेळापत्रकात कधी जमेल ते ठरवा" असं सांगितलं, त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के गेले. पुस्तिका न वाचता नुसता नकाशा मिळालेले मात्र गेले नाहीत.

हा निष्कर्ष मी रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी रोज वापरतो. धोका कळायला हवा, आणि त्याच बैठकीत पुढचं पाऊलही कळायला हवं. एक असून दुसरं नसेल तर गाडी हलत नाही.

हवामानाचा विषय पडद्यावर कधी आला?

अनेकांना वाटतं की हे सगळं गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं आहे. पण १९५८ मध्येच अमेरिकेत बेल कंपनीच्या विज्ञानमालेत 'द अनचेन्ड गॉडेस' नावाचा हवामानावरचा कार्यक्रम टीव्हीवर दाखवला गेला. निर्माते होते प्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शक फ्रँक काप्रा. कारखाने आणि मोटारींमधून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापू शकते आणि ध्रुवांवरचं बर्फ वितळू शकतं, हे त्यात स्पष्ट सांगितलं होतं.

आपल्याकडे त्या काळात गावोगावी पोहोचायचे ते फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट. ही सरकारी संस्था १९४८ मध्ये सुरू झाली. चित्रपटाआधी तिचे माहितीपट दाखवणं थिएटरांना बंधनकारक होतं. तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना ते आठवत असतील. निसर्गाचे परदेशी माहितीपट घराघरात शिरले ते केबल आल्यावर, १९९० च्या दशकात. पण त्यांत बहुतेक वेळा सिंह हरणामागे धावायचा आणि जंगल अखंड, निर्मनुष्य दिसायचं. पाहणाऱ्याला आनंद व्हायचा, चिंता नाही.

२००६: एक चित्रपट आणि दोन महिन्यांचा उत्साह

हे चित्र बदललं ते २००६ मध्ये आलेल्या 'अ‍ॅन इनकन्व्हीनिअन्ट ट्रुथ' या माहितीपटाने. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचं हवामानबदलावरचं व्याख्यान, एवढाच त्याचा ऐवज. त्याला ऑस्कर मिळालं. २००७ चं शांततेचं नोबेल गोर आणि आयपीसीसी ही हवामानबदलावरची आंतरराष्ट्रीय संस्था यांना विभागून मिळालं. आयपीसीसीचे अध्यक्ष तेव्हा आपले राजेंद्र पचौरी होते.

प्रेक्षकांवर काय परिणाम झाला, हे संशोधकांनी मोजलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोलन यांच्या अभ्यासात चित्रपट पाहिल्यावर लोकांचं ज्ञान, काळजी आणि बदलण्याची तयारी तिन्ही वाढलेली दिसली. महिनाभराने पाहिलं तर त्या तयारीचं रूपांतर कृतीत झालेलं नव्हतं. २०११ मध्ये जेकबसन यांनी दाखवलं की चित्रपट जिथे लागला त्या थिएटरांच्या आसपास राहणाऱ्या लोकांनी, स्वतःमुळे होणाऱ्या प्रदूषणाची भरपाई म्हणून स्वेच्छेने पैसे देण्याचं प्रमाण पुढच्या दोन महिन्यांत सुमारे ५० टक्क्यांनी वाढलं. वर्षभराने तो परिणाम जवळजवळ विरला.

व्यायामशाळेत जानेवारीत होणारी गर्दी आठवते ना? तसंच.

अस्वल, वॉलरस आणि प्लॅस्टिक

२०१७ मध्ये उपासमारीने खंगलेल्या एका ध्रुवीय अस्वलाचा व्हिडिओ जगभर पसरला. लोक रडले. 'हवामानबदल असा दिसतो', असं त्यावर लिहिलं होतं. ते एकच अस्वल नेमकं कशामुळे उपाशी होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि पुढच्या वर्षी 'नॅशनल जिऑग्राफिक'ने आपण थेट संबंध जोडण्यात फार पुढे गेलो हे मान्य केलं. नाकारणाऱ्यांना मात्र आयतं कोलीत मिळालं. आमच्या व्यवसायातही असंच असतं. एका रुग्णाच्या गोष्टीवरून निदान फुगवून सांगितलं, की लोक पुढचं खरं निदानही मानत नाहीत.

२०१९ मध्ये 'अवर प्लॅनेट' या मालिकेत कड्यावरून कोसळून मरणारे वॉलरस दाखवले. तो प्रसंग इतका असह्य ठरला की कोणती दृश्यं टाळायची, त्यांच्या वेळांची यादीच नेटफ्लिक्सने प्राणिप्रेमींसाठी दिली. या मालिकेचे निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो. त्यांनी २०१८ मध्ये म्हटलं होतं की सतत धोक्याच्या घंटा वाजवल्या तर लोक पाठ फिरवतात. पुढच्याच वर्षी त्यांनी हवामानबदलावर थेट बोलणारा माहितीपटही केला. ही ओढाताण त्यांचीही होती.

त्यांच्याच 'ब्लू प्लॅनेट टू' मालिकेविषयी सगळे म्हणत होते की लोकांनी प्लॅस्टिक सोडलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ही मालिका पाहणाऱ्यांचं ज्ञान वाढलेलं दिसलं, पण प्लॅस्टिकच्या वस्तू निवडण्याच्या सवयीत फरक दिसला नाही. पुन्हा तेच. माहिती पोहोचली, हात हलला नाही.

काळजी मात्र साचत राहते. २०२१ मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये भारतासह १० देशांतल्या १६ ते २५ वयोगटातल्या १०,००० तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ५९ टक्के तरुणांना हवामानबदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटत होती. ४५ टक्क्यांनी सांगितलं की या भावनांचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. त्यामुळे वर सांगितलेल्या मुलीला वेड्यात काढू नका. तिची काळजी हा आजार नाही. पण तिला वाट दाखवली नाही तर झोप, भूक, अभ्यास बिघडू शकतो.

आता आपल्या जिल्ह्यांकडे या

चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रेक्षकाची अडचण आणखी वेगळी आहे. पडद्यावरच्या हवामानबदलात तो स्वतः कुठेच नसतो. तिथे बर्फ असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि चंद्रपूरचं नाव जगातल्या सर्वात उष्ण शहरांच्या यादीत झळकतं. तिथे अस्वल उपाशी असतं. इथे मोहफुलं वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी बाई उन्हात असते. तिथे समुद्र वाढतो. इथे ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेने गावं बुडवली आणि भामरागडचा संपर्क पर्लकोटेच्या पुराने तुटतो. ताडोब्यावरच्या चित्रफितींमध्येही वाघ दिसतो, तलाव दिसतो, पण वाघाच्या भीतीने पहाटे एकटं जंगलात न जाणारं गाव क्वचितच दिसतं.

दुसरी गोष्ट अवघड आहे, पण बोलायला हवी. माहितीपटात कोळशाची चिमणी खलनायक असते. आपल्याकडे त्या चिमणीवर हजारो घरांची चूल पेटते. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे, भोवती कोळशाच्या खाणी आहेत. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूरला चौथं ठेवलं होतं. खाणीत नोकरी करणारा बाप ते दृश्य पाहून टीव्ही बंद करतो, तेव्हा तो अडाणी नसतो. आपल्या घामाच्या भाकरीवर कोणी बोट ठेवतंय असं त्याला वाटतं. दमा त्याच्याच मुलाला असतो आणि फी त्याच पगारातून जाते. हे ओझं समजून न घेता त्याला "जागरूक व्हा" म्हणून चालत नाही.

भीतीसोबत वाट: आपल्याच मातीतली दोन उदाहरणं

लेव्हेन्थल यांचा 'नकाशा' आपल्या जिल्ह्यात शोधायचा तर दूर जावं लागत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या गावांना बालमृत्यूचे आकडे नुसते ऐकवले नाहीत. गावातल्याच बाईला प्रशिक्षण दिलं, हातात साधी साधनं दिली आणि नवजात बाळाची काळजी घरी कशी घ्यायची ते शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ३९ गावांतले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले.

दुसरं उदाहरण धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं. तिथे अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा आणि ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने निर्णय घ्यायचा, ही जुनी पद्धत. २००९ मध्ये या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. जंगल धोक्यात आहे हे त्यांनाही दिसत होतं. पण ते एकेकटे घाबरत बसले नाहीत, एकत्र बसले.

आपल्याला याची सवय नाही असंही नाही. झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं, माणसं रडतात, हसतात, आणि दुसऱ्या दिवशी बांधावर त्याचीच चर्चा असते. मोबाइलवर एकट्याने पाहिलेल्या माहितीपटात हीच चर्चा हरवते.

मग घरी काय करायचं?

१. लहान मुलांना एकट्याने पाहू देऊ नका. सोबत पाहा आणि नंतर दहा मिनिटं बोला. "काय वाटलं?" हा पहिला प्रश्न. उपदेश नंतर.

२. झोपण्याआधी असे कार्यक्रम नकोत. तीच दृश्यं पुन्हा पुन्हा तर नकोतच.

३. पाहून झाल्यावर त्याच आठवड्यात करता येईल असं एक काम ठरवा: दिवस, वेळ आणि माणूस यांसकट. शेजारच्या एकट्या आजींना दुपारी पाणी, ताक पोहोचतं का ते पाहणं, शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय तपासणं, गावच्या मामा तलावाच्या गाळाचा विषय ग्रामसभेत मांडणं.

४. आपल्यासाठी हवामानबदलाचा पहिला धडा म्हणजे उष्माघात. आपलं ऊन कोरडं असतं. घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. तहान लागायची वाट पाहू नका. ओआरएस, ताक, पन्हं घ्या. खिशात कांदा ठेवून उष्माघात टळत नाही.

५. उन्हातून आलेला माणूस बरळू लागला, त्याला झटका आला किंवा तो बेशुद्ध पडला, अंग तापलेलं असलं, तर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

६. काळजीमुळे दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, मन कशात लागेना, तर डॉक्टरांना भेटा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तर त्या आईला माझं उत्तर असं: दाखवा, जरूर दाखवा. पण सोबत बसा, आणि टीव्ही बंद करण्याआधी "आता आपण काय करायचं?" हे ठरवून उठा. घाबरलेल्या मुलाच्या हाती एक काम दिलं की त्याची भीती निम्मी होते. खाणीतून थकून आलेल्या बापालाही त्या कामात घ्या. आपलं ऊन, आपलं पाणी, आपला श्वास याविषयी त्याला पडद्यावरच्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक असतं.

काळजी घ्या, उन्हात जपून राहा.