शांता आपटे : गळा आणि करारपत्र

मुंबईहून ठाण्यापर्यंत १८५३ साली जी आगगाडी प्रथम धावली, तिच्या मार्गाला पुढे कल्याणास दोन फाटे फुटले. एक थळघाट चढून उत्तरेकडे वळला; दुसरा बोरघाट ओलांडून पुणे आणि सोलापूर मागे टाकीत मद्रासच्या रोखाने उतरला. या दुसऱ्या फाट्यावर, सोलापूरच्या पलीकडे, दुधनी नावाचे एक लहानसे स्टेशन आहे. तेथील स्टेशनमास्तर आपटे यांच्या घरी १९१६ साली शांता या कन्येचा जन्म झाला. वडिलांना गाण्याची आवड होती. मुलीचा गळा त्यांनी ओळखला आणि पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात तिच्या शिक्षणाची सोय झाली. त्या काळी सभ्य कुटुंबातील मुलीने सभेत गाणे हेच पुष्कळांना धाडस वाटे. पडद्यावर जाणे ही तर त्याहून पुढची पायरी होती. शांताबाईंनी ती वयाच्या सोळाव्या वर्षी ओलांडली.

१९३२ साली भालजी पेंढारकरांनी दिग्दर्शित केलेला ‘श्यामसुंदर’ हा बोलपट पुण्याच्या सरस्वती सिनेटोनने काढला. शाहू मोडक त्यात कृष्ण झाले आणि शांता आपटे राधा. मुंबईत एकाच चित्रपटगृहात तो पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. भारतीय बोलपटांत रौप्यमहोत्सवाचा पहिला मान त्याचाच समजला जातो. बोलपट नुकता जन्मास आला होता. पार्श्वगायनाची सोय अद्याप रूढ व्हायची होती. ज्याला गाता येई त्यालाच नायक-नायिकेचे काम मिळे, आणि गाणे हे कॅमेऱ्यासमोर उभे राहून प्रत्यक्ष गावे लागे. यामुळे बहुतेक नटनट्या गाताना खिळल्यासारख्या स्तब्ध राहात. अभिनय तेथे थांबे आणि मैफल सुरू होई.

शांताबाईंचे वैशिष्ट्य येथेच दिसून आले. १९३३ साली कोल्हापूर सोडून पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीने पुढल्याच वर्षी ‘अमृतमंथन’ हा बोलपट हिंदी व मराठी या दोन भाषांत काढला. व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली आणि केशवराव भोळे यांच्या संगीताने नटलेल्या या चित्रात नायकाच्या बहिणीचे काम शांताबाईंकडे आले. गाताना त्यांचे डोळे बोलत, हात सहज हलत, मान स्वरांबरोबर वळे. गाणे आणि भूमिका यांमधला सांधा दिसेनासा झाला. ‘अमरज्योति’त दुर्गा खोट्यांसारखी समर्थ अभिनेत्री समोर असतानाही त्या झाकोळल्या नाहीत, आणि ‘गोपाळकृष्ण’ या १९३८ च्या चित्रात त्यांची राधा पुन्हा एकदा घरोघरी पोहोचली.

परंतु त्यांचे नाव ज्या एका भूमिकेशी कायमचे जोडले गेले, ती १९३७ च्या ‘कुंकू’ या चित्रपटातील नीरेची. हिंदीत हेच चित्र ‘दुनिया न माने’ या नावाने निघाले. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर ते आधारलेले होते. प्रौढ मुले असलेल्या म्हाताऱ्या विधुराशी, काकासाहेबांशी, फसवणुकीने लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मान्य करण्यास साफ नकार देते. ती पळून जात नाही, जीव देत नाही, देवाचा धावा करीत बसत नाही. त्याच घरात राहून ती झुंजते. अखेर म्हाताऱ्याचेच मन पालटते आणि तिची वाट मोकळी करण्यासाठी तो स्वतःचा जीव देतो. काकासाहेबांचे काम केशवराव दाते यांनी केले होते. या चित्रात पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य होते. जे आवाज प्रसंगात स्वाभाविकपणे येतील तेवढेच ऐकू येत. गाण्यांनासुद्धा फोनोची साथ आहे असे दाखविले होते. लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविताही शांताबाईंनी त्यात गायिली. संतापाने फुललेली, हसताहसता टोमणा मारणारी, स्वतःच्या हक्काविषयी किंचितही शंका नसलेली अशी तरुणी मराठी प्रेक्षकाने पडद्यावर क्वचितच पाहिली होती.

प्रेक्षकाने नीरेला डोक्यावर घेतले. नीरेचे काम करणाऱ्या बाईने तोच बाणा प्रत्यक्ष व्यवहारात दाखविला, तेव्हा मात्र पुष्कळांना ते पचले नाही.

त्या काळातील चित्रसंस्था एखाद्या कारखान्यासारख्या चालत. नट, नटी, वादक, छायाचित्रकार असे सर्वजण मासिक वेतनावर बांधलेले असत. करारपत्रावर सही झाली की मुदत सरेपर्यंत दुसरीकडे काम करता येत नसे; कोणती भूमिका करावयाची हेही बहुधा मालकच ठरवीत. याचा लाभही होता. प्रभातसारख्या शिस्तीच्या संस्थेत कलावंताला उत्तम दिग्दर्शन, उत्तम संगीत आणि निश्चित वेतन मिळे. शांताबाईंचे सर्वोत्तम काम याच आश्रयाखाली झाले, हे विसरून चालणार नाही. पण ज्या चेहऱ्यावर आणि ज्या गळ्यावर चित्रपटगृहे भरत, त्यांवर सत्ता कोणाची, कलावंताची की कंपनीची, हा प्रश्न करारपत्राच्या शाईत बुडून गेला होता.

१९३९ च्या जुलैत शांताबाईंनी तो वर काढला. कराराच्या बाबतीत कंपनीशी मतभेद विकोपाला गेले आणि त्या प्रभातच्या दाराशी उपोषणास बसल्या. त्याच वर्षी मार्च महिन्यात महात्मा गांधींनी राजकोट येथे उपोषण केले होते. हे शस्त्र देशाच्या चांगले परिचयाचे होते. ते राजसत्तेविरुद्ध उचलले की लोक हात जोडीत. एका नटीने आपल्या मालकांविरुद्ध उचलले, तेव्हा काहींनी त्यात नुसते नाटक पाहिले. परंतु त्या काळी चित्रपट-कलावंतांच्या पाठीशी उभी राहील अशी भक्कम संघटना नव्हती, आणि न्यायालयाची वाट लांबची होती. एकट्या बाईच्या हाती उरले होते ते एवढेच.

हा झगडा केवळ पुण्यापुरता नव्हता, हे थोड्याच वर्षांत दिसून आले. योगायोग असा की १९१६ सालीच जन्मलेल्या ऑलिव्हिया डी हॅविलँड या हॉलिवूडच्या अभिनेत्रीने १९४३ साली वॉर्नर ब्रदर्स या बलाढ्य कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. नाकारलेल्या भूमिकांमुळे बिनकामाचे गेलेले दिवस कंपनी कराराच्या सात वर्षांवर चढवीत असे. १९४४ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने निकाल दिला : सात वर्षे म्हणजे दिनदर्शिकेवरील सातच वर्षे. या एका निकालाने तेथील चित्रसंस्थांची कलावंतांवरील पकड सैल झाली. ऑलिव्हियाचा निकाल कायदा होऊन राहिला; शांताबाईंचे उपोषण मात्र आठवण होऊन राहिले. धैर्य दोघींचे सारखेच होते. अंतर होते ते त्यांच्या भोवतालच्या व्यवस्थेत.

प्रभात सोडल्यावर शांताबाईंनी १९४० साली ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. चंदेरी दुनियेला भुलून तिच्या दाराशी येणाऱ्या तरुणांना उद्देशून त्यांनी या धंद्याचे अंतरंग उघडे केले. पैसा कोण गुंतवितो, घाम कोण गाळतो आणि नफा कोठे जातो, याचा विचार एका यशस्वी नटीने स्वतः लेखणी धरून मांडावा, हे मराठीतच काय, साऱ्या हिंदुस्थानातही विरळाच होते.

पुढे त्या कोणत्याही एका कंपनीच्या बांधील राहिल्या नाहीत. १९४१ साली ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटात त्यांनी नायिकेचे काम केले. त्यासाठी त्या तमिळ शिकल्या आणि आपली गाणी स्वतःच गायिल्या. याच चित्रात नारदाच्या वेषात एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या. १९४२ साली लाहोरच्या ‘जमीनदार’मध्ये आणि देवकी बोस यांच्या ‘अपना घर’मध्ये त्या चमकल्या. मात्र ‘कुंकू’ची उंची पुन्हा लाभली नाही. स्वातंत्र्याबरोबर एका मनाने काम करणारी संस्था त्यांनी गमावली होती, आणि दुसरीकडे काळही पालटत होता. पार्श्वगायन रूढ झाल्यावर चेहरा एकीचा आणि आवाज दुसरीचा अशी वाटणी झाली. १९४६ च्या ‘सुभद्रा’त वसंत देसाई यांच्या संगीतावर शांताबाईंबरोबर एक तरुण मुलगी गायिली; ती लता मंगेशकर. त्या एका युगुलगीतात जाणारे युग आणि येणारे युग शेजारी उभे राहिलेले ऐकू येतात.

२४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत शांताबाईंचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळिसांच्या आतबाहेर. मुंबईत दूरचित्रवाणी आली ती १९७२ साली. समवयस्क अमेरिकन गायिका-अभिनेत्रींना उतारवयातही घराघरांत नेणारे हे माध्यम शांताबाईंच्या वाट्यास आलेच नाही. त्यांच्या मागे उरल्या त्या ध्वनिमुद्रिका आणि काही चित्रपट.

प्रश्न मात्र उरला आणि वाढला. साठीच्या दशकात लता मंगेशकरांनी गाण्याच्या स्वामित्वधनाची मागणी लावून धरली, तेव्हा तो नव्या रूपाने उभा राहिला. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रपटगीतांचे कवी आणि संगीतकार यांच्या स्वामित्वधनाला संरक्षण मिळाले, गायकांचेही हक्क मान्य झाले. या वाटेवर पुढे अनेकांची पावले उमटली. परंतु ज्या काळी ती वाट आहे हेही कोणी मानीत नव्हते, त्या काळी एक तरुण गायिका अन्न वर्ज्य करून तिच्या तोंडाशी बसली होती. प्रभातच्या त्याच आवारात १९६० पासून चित्रपटविद्येचे शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे. तेथे शिकणाऱ्यांना ‘कुंकू’ दाखविताना नीरेबरोबर शांता आपटे यांचीही ही गोष्ट सांगितली जावी. कारण पडद्यावरची नीरा लेखकाने निर्माण केली होती, दाराशी बसलेली नीरा मात्र त्यांची स्वतःची होती.