मदनावली काय म्हणाली?

२०२४ साली वसंत पंचमी आणि व्हॅलेंटाइन डे एकाच दिवशी आले, १४ फेब्रुवारीला. आठवडाभर आधीच आमच्या ग्रुपवर मेसेज पडला, 'या वेळी लढाई नको, लव्हस्टोरी लाव.' मेसेज मला होता, कारण आमच्या खेळाचा सूत्रधार मी.

खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण गोल बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. समोर बंद दार आलं की सूत्रधार विचारतो, काय करणार? तुम्ही म्हणता, लाथ घालतो. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. दार तुटलं की पाय मुरगळला, ते आकडा ठरवतो. ईटमध्ये हे खूळ कुठून आलं असं लोक विचारतात. लॉकडाउनमध्ये पुण्याच्या होस्टेलवरून घरी परतलेल्या पोरांच्या बॅगेतून आलं. पण अंगावर दुसऱ्याचं सोंग घेऊन रात्र जागवणं आमच्याकडं काही नवीन नाही. सोंगी भजनात गावातला मिशीवाला माणूस सासूरवाशीण होतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. आम्ही जुन्या घराच्या माळवदावर बसतो, नकाशा कॅलेंडरच्या पाठीवर काढतो, एवढाच फरक.

तर लव्हस्टोरीचा मेसेज वाचून माझ्या पोटात गोळा आला. वर्षभरापूर्वी एकदा असं झालं होतं. आमच्यातल्या एकाच्या सरदारानं माझ्या आतेबहिणीच्या तिरंदाज बाईला मागणी घातली. ती नको म्हणाली. त्यानं फासा टाकला. अठरा पडले. "अठरा! आता हो म्हणावंच लागतंय," तो ओरडला. सगळे हसले. मीही हसलो आणि सूत्रधार म्हणून निकाल देऊन टाकला : पटली ती. गोष्ट पुढं सरकली. आतेबहीण त्यानंतर दोन महिने खेळायला आली नाही. विचारलं की म्हणायची, काम आहे. घरी तिला बघायला पाहुणे येत होते, ते काम.

म्हणून या वेळी आधी शोधायचं ठरवलं, की या खेळात प्रेम आजवर कुणी कसं खेळलंय.

खेळाचं मूळ लढाईत आहे. अमेरिकेत १९७१ साली 'चेनमेल' नावाचे नियम छापले गेले. मध्ययुगीन सैन्याच्या छोट्या पुतळ्यांनी टेबलावर युद्ध खेळायचे. त्यातूनच गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढला. पहिल्या हजार प्रती, एका पेटीत तीन पातळ पुस्तिका. त्यात तलवारीला, चिलखताला, घोड्याला नियम आहेत. प्रेमाला जवळपास नाहीत. पात्राची दुसऱ्यावर छाप किती पडते, त्याचा मात्र एक आकडा आहे, आणि त्याचा एक उपयोग सांगितलाय तो मजेशीर आहे : चेटकिणीनं तुम्हाला पकडलं तर ती तुमचं डुक्कर करील की मंत्र घालून प्रियकर म्हणून ठेवून घेईल, हे या आकड्यावर ठरवावं. म्हणजे पहिल्या पुस्तिकेपासूनच प्रेम ही पकडून ठेवायची गोष्ट. आमच्या सरदाराचे अठरा त्याच वंशातले. (आम्हीही काही वेगळे नव्हतो. शेजारच्या जामखेड तालुक्यात खर्डा, जिथं १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हरवलं. आमचा पहिला सहा महिन्यांचा खेळ म्हणजे खर्ड्याची लढाई, फक्त निजामाच्या बाजूनं एक ड्रॅगन.)

सणाच्या रात्री खेळायची प्रेमकथा मात्र सापडली, आणि ती एका नवरा-बायकोनं मिळून रचलेली. ट्रेसी आणि लॉरा हिकमन. झालं असं की १९७० च्या दशकाच्या शेवटी ट्रेसी एका खेळात भुयारातून चालला होता आणि समोर एकदम रक्तपिपासू व्हॅम्पायर आला. इतर राक्षसांसारखाच, उगाच उभा. ट्रेसीला प्रश्न पडला, हा इथं करतोय काय? घरी येऊन दोघांनी त्या व्हॅम्पायरला कारण दिलं. स्ट्राड नावाचा सरदार, उतारवयाकडं झुकलेला, आपल्या धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूवर, तात्यानावर, जीव लावून बसतो. लग्नाच्या दिवशी भावाला मारतो. ती त्याला होकार देत नाही, गडाच्या तटावरून खाली उडी घेते. तो मात्र मरू शकत नाही, तिच्यासारखी दिसणारी बाई शतकानुशतकं शोधत राहतो. हिकमन जोडपं हा खेळ दर वर्षी हॅलोविनच्या रात्री मित्रांना खेळवायचं. १९८३ मध्ये तो 'रेव्हनलॉफ्ट' नावानं छापला गेला आणि आजही तो या खेळाच्या सर्वांत नावाजलेल्या गोष्टींत धरतात.

मला ती आवडली. हिकमननी केलं ते मोठंच काम होतं. राक्षसाला मन दिलं. पण तात्यानाला काय दिलं? उडी.

आता गंमत बघा. दोन भाऊ आणि एक मुलगी, ही गोष्ट आमच्याच भूम तालुक्यात आहे. कुंथलगिरी बहुतेकांना पेढ्यामुळं माहीत. पण ते जैनांचं सिद्धक्षेत्र आहे, देशभूषण आणि कुलभूषण या दोन मुनींचं. सातव्या शतकातल्या रविषेणाच्या 'पद्मपुराणात' त्यांची गोष्ट येते. दोघं राजपुत्र लहानपणापासून गुरूकडं शिकायला. शिक्षण संपवून नगरात परततात, मिरवणूक निघते, वर सज्जात एक मुलगी दिसते. दोघांच्याही मनात ती एकाच वेळी भरते. तेवढ्यात भाट ललकारी देतो, त्यातून कळतं की ती त्यांची सख्खी बहीण कमलोत्सवा. दोघं तिथल्या तिथं विरक्त होतात. स्ट्राडनं भावाला मारलं, हे दोघं वनात गेले. माझ्या मते हा शेवट जास्त सभ्य आहे. पण आमच्या पोरांना 'लव्हस्टोरी' म्हणून ही खेळवली असती तर मला माळवदावरून ढकललं असतं.

मग हाती लागलं ते घबाडच म्हणायचं. 'करकंडचरिउ'. कनकामर नावाच्या जैन मुनीनं साधारण अकराव्या शतकात लिहिलेलं काव्य, दहा संधींचं, अपभ्रंश भाषेत, म्हणजे मराठीच्या आधीच्या पायरीवरच्या भाषेत. हिरालाल जैन यांनी ते संपादून १९३४ मध्ये विदर्भातल्या कारंज्याहून प्रसिद्ध केलं. त्यात तेरापूर येतं, आणि तेरापूरजवळच्या डोंगरातलं लेणं येतं. तेरापूर म्हणजे तेर, आणि ते लेणं म्हणजे धाराशिव गावाजवळची लेणी, हे हिरालाल जैन यांनीच दाखवून दिलं. म्हणजे आमच्या जिल्ह्यात हजार वर्षांपूर्वी एक पक्का डन्जन लिहून ठेवलेला आहे आणि आम्ही ड्रॅगन उधार आणत बसलोय.

गोष्ट अशी. चंपेचा राजा करकंड दक्षिणेच्या स्वारीवर निघालाय. बरोबर राणी मदनावली, गिरिनगरची, म्हणजे गिरनारच्या पायथ्याची राजकन्या. तिचं चित्र बघून तो तिच्या प्रेमात पडलेला. तेरापूरला मुक्काम पडतो. तिथला राजा सांगतो, डोंगरात हजार खांबांचं लेणं आहे, आणि वर एक वारूळ आहे. एक हत्ती रोज सोंडेत पाणी आणि कमळ आणून त्या वारुळाची पूजा करतो. करकंड वारूळ खणायला लावतो. खाली पार्श्वनाथांची मूर्ती निघते. पुढं लेण्यातल्या मूर्तीच्या सिंहासनावर त्याला एक गाठ दिसते, दगडाचा उंचवटा, दिसायला वाईट. तो म्हणतो, फोडा. कारागीर म्हणतो, महाराज, नको, खाली झरा आहे, त्याच्या तोंडावर ही गाठ मुद्दाम ठेवलीय. राजा ऐकत नाही. गाठ फुटते, पाण्याचा लोट उसळतो, लेणं भरून जातं.

ज्यानं हा खेळ एकदा तरी खेळलाय तो इथं हसेल. हातोडा हातात असलेला खेळाडू आणि 'नको' म्हणणारा म्हातारा कारागीर, हे दृश्य आमच्याकडं दर पंधरा दिवसांनी घडतं.

याच मुक्कामात एक विद्याधर हत्तीचं रूप घेऊन येतो आणि मदनावलीला उचलून नेतो. करकंड शोक करतो. मग त्याची समजूत घातली जाते, तो पुढं सिंहलद्वीपाला जातो, तिथं रतिवेगा नावाच्या राजकन्येशी लग्न करतो. परतताना समुद्रात प्रचंड मासा. त्याला मारायला हा पाण्यात उडी घेतो आणि एक विद्याधरी याला पळवून नेते. (बघा, चेटकिणीचा नियम.) तिच्याशीही लग्न. सगळं करून, द्रविड राजांना जिंकून, तो पुन्हा तेरापूरला येतो, तेव्हा तो कपटी विद्याधर मदनावलीला आणून परत देतो.

आणून देतो. मी जो सारांश वाचत होतो त्यात एवढंच होतं.

आतेबहिणीला फोन केला. म्हटलं, या वेळी ये, मोठं पात्र आहे, मदनावली. गोष्ट सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती परत आल्यावर काय म्हणाली?"

"ते नाही दिलेलं."

"म्हणजे मी पहिल्या पंधरा मिनिटांत हत्तीवरून जायचं आणि शेवटी येऊन उभं राहायचं. घरी तेच चाललंय दादा."

त्या रात्री मी खेळ नव्यानं आखला. एक, मदनावलीची गोष्ट हत्तीबरोबर जाईल. करकंड सिंहलात असेल तेव्हा विद्याधराच्या महालात काय चाललंय तेही आळीपाळीनं खेळायचं. दोन, फासा दारावर टाका, पुरावर टाका, माशावर टाका. दुसऱ्या खेळाडूच्या मनावर टाकायचा नाही. नियम ग्रुपवर पाठवला. गेल्या वर्षीच्या सरदारानं अंगठा दिला, बाकी काही लिहिलं नाही. मी आतेबहिणीला वेगळा मेसेज केला की तेव्हा चूक निकाल मी दिला होता. तिचं उत्तर आलं, 'बरं. बुधवारी किती वाजता?'

बुधवारी रात्री माळवदावर चांगलीच थंडी होती. तिकडं पंढरपुरात त्या दिवशी विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लागलेलं, इकडं लाइट गेलेली. मोबाइलच्या टॉर्चवर पाण्याची बाटली ठेवून केलेल्या उजेडात आम्ही लेण्यात शिरलो. गाठ अर्थातच फोडली. हत्ती आला. तिला घेऊन गेला.

"मी पत्र लिहिते," आतेबहीण म्हणाली. "रुक्मिणीनं धाडलं तसं."

तिच्या हातात ते कुठून आलं ते मला माहीत होतं. लग्न जुळावं म्हणून आत्यानं तिला 'रुक्मिणी स्वयंवरा'चं पारायण लावून दिलं होतं. एकनाथांनी १५७१ साली काशीत पूर्ण केलेला ग्रंथ. मला याचं नेहमी नवल वाटतं. घरोघरी उपवर मुलींना चांगला नवरा मिळावा म्हणून जे वाचायला देतात, त्यात मुलगी भावानं ठरवलेलं स्थळ नाकारून स्वतः पत्र धाडते आणि सांगते, मला येऊन घेऊन जा. देणाऱ्यांनी ते नीट वाचलंय की नाही कोण जाणे. आणि पुढं तीच रुक्मिणी रुसून दिंडीरवनात येऊन बसते, देव तिला शोधत मागं येतो. पंढरपुरात तिचं देऊळ आजही वेगळं आहे.

मला वाटलं पत्र करकंडला. पण तिनं ते गिरिनगरला, माहेरी धाडलं. ते पोचतं का यावर फासा टाकला, सात पडले. नाही पोचलं. तिनं दुसरं लिहिलं.

रात्री साडेअकराला सगळे तेरापूरला परत आले. विद्याधरानं मदनावलीला आणून उभं केलं. करकंड गेल्या वर्षीचा सरदारच होता, मी मुद्दाम बदल केला नव्हता.

"मधल्या काळात किती लग्नं केलीस?" तिनं विचारलं.

"दोन."

सगळे हसले. तोही. हसता हसता त्याचा हात सवयीनं फाशाकडं गेला, मग त्यानं तो उचलून तसाच खिशात टाकला. "मग आता काय करायचं?" त्यानं विचारलं.

"मी आधी गिरिनगरला जाणार. हत्ती माझ्याकडं राहील. नंतरचं नंतर."

लाइट आली तेव्हा आम्ही आवरायला लागलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज. पाहुण्यांचं काय झालं ते त्यात नव्हतं, मीही विचारलं नाही. एवढंच होतं, 'तेर ते गिरनार हत्तीला किती दिवस लागतील? उगाच आकडा सांगू नको.'

म्हणून मी 'पेरिप्लस' काढलं, पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याची प्रवासवही. तेरचं नाव त्यात तगर आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. मोठ्या रानांमधून गाड्यांनी माल भडोचला जातो असं तो लिहितो. म्हणजे तेर ते भडोच तीस दिवस, तेही गाडीवाटेनं. हत्तीचा चारा-पाणी धरून मी पस्तीस लिहिलेत. पुढं खंबातचं आखात जहाजानं ओलांडायचं की किनाऱ्यानं वळसा घालायचा, ते तिला विचारलंय.