वत्सगुल्माची मध्यरेखा आणि मापनातील त्रुटी

वाशीम नगर वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. 1939 साली येथे उपलब्ध झालेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात आहे. राजशेखराने वैदर्भी रीतीस योजिलेली ‘वच्छोमी’ ही संज्ञाही याच नगरनामापासून साधली जाते. तथापि वत्सगुल्माचा आणखी एक उल्लेख साहित्याच्या नव्हे, तर मापनशास्त्राच्या इतिहासात महत्त्वाचा आहे.

इ. स. 629 मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिणाऱ्या पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीय’ ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेखेवरील स्थाने दिली आहेत. अवंती व स्थाण्वीश्वर यांच्या पंक्तीत तेथे वत्सगुल्म येते. या रेखेवरील स्थानांस देशांतराचा संस्कार करावा लागत नाही, असे तो सांगतो. वाशीम येथील मध्यमेश्वर मंदिराचे नाव याच परंपरेशी जोडले जाते. ही परंपरा अभिमानाने सांगितली जाते. क्वचित तिची थट्टाही होते. या विधानात किती अचूकता आहे आणि ती कोणत्या साधनांनी साध्य होती, हा प्रश्न मात्र दोन्ही पक्षांकडून सहसा विचारला जात नाही.

आधुनिक मोजणीनुसार उज्जयिनीचे रेखांश सुमारे 75 अंश 46 कला पूर्व, तर वाशीमचे 77 अंश 8 कला पूर्व आहेत. हे अंतर 1 अंश 22 कलांचे, म्हणजे वाशीमच्या अक्षांशावर सुमारे 140 किलोमीटरांचे भरते. कालात मांडल्यास ते साडेपाच मिनिटे, अर्थात सुमारे 14 पळे होते. याउलट स्थाण्वीश्वराचे, म्हणजे आजच्या ठाणेसरचे, रेखांश सुमारे 76 अंश 50 कला आहेत. वाशीम व ठाणेसर यांत 1,000 किलोमीटरांहून अधिक अंतर असूनही त्यांच्या स्थानिक वेळांत जेमतेम 3 पळांचा फरक पडतो. तेव्हा चूक वत्सगुल्माची मानावी की उज्जयिनीची? ज्या स्थानावरून रेखा ठरवावयाची ते स्थान निर्दोष धरले जाते, म्हणून दोष दुसऱ्याच्या पदरी पडतो. त्रुटी ही नेहमी कोणत्या तरी प्रमाणाच्या अपेक्षेनेच असते, हे मापनशास्त्राचे पहिले तत्त्व येथे स्पष्ट होते.

देशांतर काढण्याच्या दोन रीती प्रचलित होत्या. पहिल्या रीतीत दोन गावांमधील वाटेचे अंतर कर्ण मानून आणि अक्षांशांतील फरकाची योजने एक भुजा मानून दुसरी भुजा गणिताने काढीत. वाटा वळणावळणाच्या असतात, म्हणून हा कर्ण स्थूल आहे, असा आर्यभटाच्या शिष्यांचा आक्षेप होता. पृथ्वी गोल असल्यामुळे सपाटीवरील त्रिकोणाची ही रीतीच सदोष आहे, असाही आक्षेप घेतला गेला. भास्कराने हे आक्षेप नमूद केले आहेत. मोजलेल्या राशीतील दोष आणि रीतीतील दोष असे दोन वेगळे दोष तेथे ओळखले गेले, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरी रीत चंद्रग्रहणाची. ग्रहण सर्वत्र एकाच क्षणी घडते. मध्यरेखेसाठी गणिताने आलेली वेळ आणि प्रत्यक्ष पाहिलेली स्थानिक वेळ यांतील अंतर म्हणजेच देशांतर. सिद्धांत निर्दोष होता. पण व्यवहारात तीन दोष संभवत. ग्रहणगणितच काही पळे चुकू शकते. पृथ्वीच्या छायेची कडा अस्पष्ट असल्यामुळे स्पर्शाचा नेमका क्षण डोळ्यांस ठरविता येत नाही. आणि तिसरा दोष घटीयंत्राचा.

तळाशी छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडीत. ते भरून बुडाले म्हणजे एक घटिका, अर्थात 24 मिनिटे, झाली. मराठीतील ‘घटका भरणे’ हा वाक्प्रचार याच यंत्राची स्मृती होय. रात्रीच्या गारव्याने पाणी किंचित दाट होते, छिद्रात गाळ अडकतो, आणि पात्र सावकाश बुडते. असे पात्र प्रत्येक घटिकेस एकच पळ उशीर करू लागले, तर सूर्यास्तानंतरच्या 14 घटिकांत सुमारे 14 पळे कमी मोजली जातील. पूर्वेकडील स्थानाची वेळ उज्जयिनीच्या पुढे असते. ती तेवढीच कमी भरली, तर वाशीम नेमके उज्जयिनीच्या रेखेवर आल्यासारखे दिसेल. येथे असेच घडले, असे म्हणावयाचे नाही. साठांत एक भाग एवढा दोष वाशीम व उज्जयिनी यांतील सर्व अंतर गिळू शकतो, एवढेच यातून सिद्ध होते. शिवाय हा दोष एकाच दिशेचा असल्याने मोजणी पुनःपुन्हा केल्याने तो कमी होत नाही. निरीक्षकाच्या दृष्टीचे लहानसहान दोष उलटसुलट पडून सरासरीत विरतात. यंत्राचा दोष मात्र साठत जातो.

त्या काळाच्या गरजेच्या मापाने पाहता हा दोष असह्य नव्हता. 14 पळांत चंद्राचे मध्यम स्थान सुमारे 3 कलांनी बदलते, सूर्याचे तर एका कलेच्या चौथ्या भागाहूनही कमी. कोणतेही माप ज्या कामासाठी घेतले, त्या कामाच्या संदर्भातच पुरेसे की अपुरे हे ठरते.

याच विदर्भात पुढे मापनाचा दुसरा अध्याय लिहिला गेला. 1802 साली मद्रास येथे पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ करणारा विल्यम लॅम्बटन 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची 100 फुटांची पोलादी साखळी उष्णतेने वाढत असे. तापमान 10 अंश सेल्सियसने चढले, तर ही वाढ सुमारे साडेतीन मिलिमीटर होते. म्हणून साखळीजवळ तापमापक ठेवून प्रत्येक मापास संस्कार दिला जाई. लॅम्बटनची साखळीही घटीपात्राप्रमाणेच सदोष होती. फरक इतकाच की, तिचा दोष मोजून मांडला गेला होता.

ज्योतिर्गणितात ‘त्रुटि’ हे अत्यल्प कालाचे नाव होते. आजच्या मराठीत त्रुटी म्हणजे उणीव. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ मापनाच्या इतिहासात शेजारी येतात. जो अंश साधनाच्या आटोक्याबाहेर राहतो, तोच मापाची उणीव ठरतो. वत्सगुल्माचा गौरव ते नेमके मध्यरेखेवर असण्यात नाही. तेथील 14 पळांचा हिशेब आज मांडता येतो, कारण तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी ते स्थान तपासता येईल अशा विधानात नोंदवून ठेवले होते.