सिंभोऱ्याच्या पंपघरात, १९९७

मे महिना. मोर्शीच्या एसटीतून उतरून तुम्ही सिंभोऱ्याच्या पंपघरापाशी पोचता तेव्हा सकाळचे आठच वाजलेत, पण दाराची लोखंडी कडी आताच चटका देते. तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात. आयटीआयचा फिटर ट्रेड पास झालात आणि १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली तुम्हाला इथं शिकाऊ म्हणून घेतलंय. फाटकावरच्या पाटीचा रंग अजून ओला वाटतो. पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ यंदा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झालंय.

मागे अप्पर वर्धा धरण. जॅकवेलमधून उपसलेलं पाणी इथून नेरपिंगळाईकडे चढतं, मग अमरावतीला, तपोवनच्या शुद्धीकरण केंद्रात जातं.

आत शिरताच मोटारींचा आवाज छातीत घुमतो. फोरमन भाऊ लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतात आणि मूठ तुमच्या कानाला लावतात.

"मोटर आयकू नोको, लेका. बेरिंग आयक."

आधी नुसती घरघर. मग तिच्याखाली एकसारखा, गुळगुळीत सूर लागतो. शेजारच्या पंपावर त्याच सुरात बारीक खरखर आहे. "हे महिनाभरात जाईन," भाऊ म्हणतात. "आतापासूनच मागवून ठेवा लागते."

आज एक नंबरच्या पंपाची ग्लँड भरायची आहे. भाऊ ब्रेकर बाहेर ओढतात, कुलूप लावतात, किल्ली स्वतःच्या खिशात टाकतात आणि मगच तुम्हाला पाना देतात. जुनी, करपलेली पॅकिंगची दोरी तुम्ही हुकानं उकरून काढता. नवी दोरी शाफ्टच्याच जाडीच्या दांड्यावर गुंडाळून तिरपी कापता. एकेक कडं आत बसवताना सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, नाहीतर पाण्याला सरळ वाट मिळते. दोन्ही नट सारखेच आवळायचे, एक बाजू जास्त नाही.

पंप सुरू होतो. ग्लँडमधून पाणी ठिबकतं. ते थांबवायला तुमचा हात पान्याकडे जातो आणि भाऊ मनगट धरतात.

"थेंब पडू दे बावा. थेंब बंद झाला का पॅकिंग जयते अन् स्लीव्ह घासते."

मनगट सोडत नाहीत. किती ठिबकू द्यायचं, कुठे थांबायचं, हे तुमच्याच बोटांना कळेपर्यंत पाना थोडा थोडा फिरवत राहतात.

दुपारी वीज जाते. चढावरचं पाणी मागे फिरतं, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धाडकन बसतो, पायाखालची फरशी हादरते. भाऊ गेजकडे बघतात. काटा एकदा उसळून खाली येतो. वीज परतल्यावर ते घाई करत नाहीत. डिलिव्हरी व्हॉल्व्ह सावकाश उघडायला लावतात, कारण रिकाम्या झालेल्या नळातली हवा एअर व्हॉल्व्हमधून निघून गेली पाहिजे.

तुमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात. तिथं विहिरीला पाणी आहे, पण त्यात डाळ शिजत नाही. गोडं पाणी लांबूनच आणावं लागतं, आणि लांबून आणायचं म्हणजे पंप, नळ, व्हॉल्व्ह आले. आयटीआयमधला तुमचा मित्र अकोल्यासाठी हेच काम महानला, काटेपूर्णेच्या काठी शिकतोय.

संध्याकाळी भाऊ रजिस्टर तुमच्यापुढे सरकवतात. दाब, अँपिअर, वेळ लिहिता. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं, ते सांगत नाहीत. तुम्ही लिहिता : शेजारच्या पंपाच्या बेअरिंगमध्ये खरखर, नवं मागवावं. धरण भरलेलं असूनही शहर तहानलेलं राहू शकतं. तसं होऊ नये म्हणून बिघाडाच्या महिनाभर आधी कुणाच्या तरी कानाला तो कळावा लागतो, आणि तो कान तयार करायला असाच एक शिकवणारा माणूस शेजारी उभा असावा लागतो.